भट्टीचा बुडा फाट्यावर नेला तेव्हा

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी, तेही इतिहास घेऊन. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. गावातल्या देशी भट्टीचा प्रश्न माझ्याकडे आला तो त्यामुळेच.

भट्टी आता नुसतं परवान्याचं दुकान आहे. पण दुकानाचे मालक शेठ यांच्या पणजोबांच्या काळी तिथे खरोखर मोहाची दारू गाळत. पणजोबा पहिल्या धारेची चव घेता घेता कोपऱ्यातल्या बाकावरच वारले, आणि गेल्यावरही तिथून उठले नाहीत, असं गाव मानतं. गाव त्यांना बुडा, म्हणजे म्हातारा, म्हणतं. पहिला घोट बुड्याच्या नावानं जमिनीवर सांडायचा, मगच आपण प्यायचं. घरी ताक सांडलं तर भांडणारी माणसं हे फार श्रद्धेनं करतात.

जुनं छप्पर गळायला लागलं, तेव्हा शेठनं दुकान फाट्यावर न्यायचं ठरवलं. गिऱ्हाइकं म्हणाली, "बुडा येत असन तं आमी येतो. नाईतं बडनेऱ्याच्या रस्त्यावरची भट्टी हायेच." शेठचा चेहरा उतरला.

"तू शिकेल हायेस," ते मला म्हणाले. "भूत जागेचं असते का लायसनचं?"

"लायसनचं," मी ठासून सांगितलं.

"पुस्तकात हाये?" रोजच्या बैठकीतल्या एका काकांनी विचारलं.

"नाही."

"मंग कालेजात काय वाचून राहिला होता?"

शेवटी लग्नाआधी देवाला बोलावतात तसं सुपारी-अक्षता देऊन बुड्याला बोलवायचं ठरलं. बुडा दारूनं भरलेल्या ग्लासात बसून येणार, आणि तो ग्लास शेठनं न्यायचा. वाटेत टेकवायचा नाही. टेकवला तिथे बुड्याचा मुक्काम.

भरदुपारी वरात निघाली. शेठचं घर वाटेतच. वहिनी दारात उभ्या. "अवो, सिलिंडर आलं. पयले आत घ्या."

बायकोची हाक आली की हातातलं काम खाली ठेवायचं, ही शेठची जुनी सवय. त्यांनी ग्लास उंबऱ्यावर ठेवला आणि सिलिंडर उचललं.

"झालं," काका म्हणाले. "बुडा घरी उतरला." आणि सगळे ओट्यावर बसले. फाट्याकडे कोणी पाऊल टाकेना. शेठ सिलिंडर धरून तसेच उभे.

वहिनींनी काय झालं ते विचारून घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि उंबऱ्याकडे पाहून सासऱ्यांशी बोलावं तशा म्हणाल्या, "मामाजी, राहा आरामात. जेवाले वाढतो. पन या घरात दारू चालत नाई, तुमच्या पणतवालेही नाई. प्याची असन तं फाट्यावर जा, अन् दिवेलागणीले वापस या." मग ग्लास उचलून शेठच्या हातात दिला.



"म्हंजे आपल्यावानीच," काका म्हणाले आणि उठले. मागोमाग सगळे.

त्या दिवशी फाट्यावर एकही गिऱ्हाईक कमी नव्हतं. फक्त दिवे लागायच्या सुमाराला शेठनं बुड्याची घरी जायची वेळ झाली म्हणून सगळ्यांना उठवलं, आणि कुलूप लावून सगळ्यांच्या आधी स्वतःच निघाले.