ऐंशी टक्क्यांनंतरचं फिजिक्स

तलासरीला हायवेवरच्या चार्जिंग स्टेशनवर तो मला हमखास भेटतो. डहाणूच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. गाडीला वायर लावली की त्याचं तोंडही सुरू होतं. पाच मिनिटांत भरणारी बॅटरी, झटक्यात जनुकं वाचणारा कॉम्प्युटर, जगातलं सगळं संशोधन जणू आधी याला विचारून होतं. "तुम्हाला कल्पना नाही," हे दर वाक्याला.

ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग रेंगाळतं. म्हणून मागे कोणी थांबलं असेल तर इथे सगळेच ऐंशीला वायर काढतात. परवा त्याच्या मागे झरी गावचा टॅक्सीवाला चार्जिंगला थांबला होता. गाडीत वापीला डायलिसिसला निघालेली म्हातारी.

"साहेब, ऐंशी झाले. काढता का? आजींना टायमावर पोचवायचंय."

"अरे, ऐंशीनंतर ते स्लो का होतं, माहितीये?"

आणि टॅक्सीच्याच धुळकट काचेवर त्याने बोटाने बॅटरीची आकृती काढली. समजावलं अगदी बिनचूक. शंभर टक्के होईपर्यंत समजावलं. काचेमागून म्हातारी त्या रेघांकडे बघत होती. याला जायचं होतं जवळच डहाणूला, घरी.

निघताना मला म्हणाला, "या लोकांना सायन्स समजावून सांगणारं कोणी भेटत नाही हो."