चौकोनी दिव्यांची गाडी

दवाखान्यात जन्म काढला की लोकांना वाटतं, कंपाउंडरकडे आजारांच्या गोष्टी असणार. आजाराच्या कसल्या गोष्टी? खोकला तो खोकला. गोष्टी जमतात त्या बाहेरच्या बाकावर. मी आत मिक्श्चर तयार करत असायचो, तोवर पेशंटला बसून काहीतरी बोलायचं असायचं. स्वतःच्या पोटदुखीवर माणूस बोलून बोलून किती बोलणार? मग इकडचे तिकडचे विषय निघायचे. एका वर्षी मात्र पौषापासून शिमग्यापर्यंत आमच्या बाकावर एकच विषय होता. डॉक्टरांची नवी गाडी.

ही रत्नागिरीतली ऐंशीनंतरची गोष्ट. तेव्हा रस्त्यावर गाड्यांचे आकार दोनच, एक मोठी फुगीर आणि एक छोटी गोल दिव्यांची. आमच्या डॉक्टरांकडे ती छोटी होती, अठरा वर्षं. नवी आली तीही छोटीच, चार दारं आणि मागे डिकी. पण कंपनीनं तिचा सगळा नकाशाच बदललेला. अंग चौकोनी, दिवे चौकोनी, आणि गिअर स्टिअरिंगवरून काढून खाली दोन सीटांच्या मधे आणलेला. डॉक्टरांनी नंबर कधी लावला होता ते त्यांनाही आठवत नव्हतं.

गाडी दारात आली तेव्हा बाकावरचे सगळे पेशंट उठून उभे राहिले. त्यात एक जण असा होता, ज्याला सकाळी दोघांनी धरून आणलं होतं.

* * *

नवं वाहन म्हटलं की नारळ आला, आणि नारळ आला की गाऱ्हाणं आलंच. ते घालायचा मान भिकूदादाचा. भिकूदादा डॉक्टरांचा ड्रायव्हर, सावर्ड्याकडचा, पन्नाशी ओलांडलेला. जुन्या गाडीवर अठराच्या अठरा वर्षं तोच.

तो नारळ हातात घेऊन उभा राहिला, तर समोरच्या गॅरेजचे उस्मानचाचा गाडीपुढे उकिडवे बसलेले. बंपरच्या खाली हात घालून चाचपत होते.

"चाचा, काय हरवलं?" मी विचारलं.

"हँडलाचं भोक शोधतोय."

जुन्या गाडीची बॅटरी सकाळी बसलेली असायची. पुढच्या भोकात लोखंडी हँडल घालायचं आणि गरागरा फिरवायचं, तेव्हा ती उठायची. आमच्या आळीतल्या निम्म्या पुरुषांचे खांदे त्या हँडलानं दुखावलेले. चाचांनी शेवटी रस्त्यावर पालथं पडून पाहिलं. मग उठले, कपडे झटकले.

"भोक नाय," ते म्हणाले.

बाकावरच्या दोघांनी वाकून स्वतः खात्री करून घेतली.

"म्हणजे हिला हँडल मारायची पाळीच येणार नाय, अशी कंपनीला खात्री हाय," चाचा हळू आवाजात म्हणाले. "चाळीस वर्षं मी गाड्या खोलतोय. एवढी खात्री मी कुणाची बघितली नाय."

भिकूदादानं हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. "बा देवा महाराजा, आज आमच्या डॉक्टरांच्या दारात जे नवं वाहन आलं हाय, त्याची चार चाकं आणि पाचवी स्टेपनी तुझ्या पदरात घातली हाय रे महाराजा."

"होय महाराजा," आम्ही सगळे म्हणालो.

"घाटात, वळणावर, पुलावर राखण कर. आणि ह्या वाहनाला कंपनीनं हँडलाची सोय ठेवलेली नाय, तवा तेवढी बाजू तूच सांभाळ रे महाराजा."

"होय महाराजा." या वेळी सगळ्यांत मोठा आवाज डॉक्टरांचा होता. एरवी ते देवळाच्या पायरीलाही उभे राहत नसत.

* * *

बाळूशेठ आंब्याचे व्यापारी. शुगर तपासायला यायचे आणि जाताना कोपऱ्यावर भजी खायचे. आमच्याकडे गाडीला माप एकच, आणि ते बाळूशेठांच्या हातात. डिकीत पेट्या किती बसतात?

दुसऱ्या दिवशी ते रिकामी पेटी डोक्यावर घेऊनच आले. ती डिकीत उभी घातली, आडवी घातली, बोटांनी हिशेब केला. "पाच," म्हणाले. "सहावी घातली तर झाकण लागत नाय."

मग टपाकडे वळले. जुन्या गाडीच्या टपाला कडेनं पन्हळ असायची, तिला कॅरिअर आवळलं की वर आणखी आठ-दहा पेट्या. नवीचा टप सपाट, गुळगुळीत, कडेला पकडायला काही म्हणजे काही नाही. बाळूशेठ त्यावरून हात फिरवत राहिले.

"काय रूप दिलान हिला," ते म्हणाले, "आणि पेटी ठेवायला जागा नाय दिलान."

मला वाटलं, संपलं. गाडी नापास. पण त्यांनी जाता जाता दार लावलं आणि ते हलक्या आवाजात लागलं, एकदाच, न आपटता. बाळूशेठ थबकले. त्यांनी ते पुन्हा उघडलं आणि लावलं. मी मोजलं, अकरा वेळा. आत शुगरचं रक्त काढायला मी सुई घेऊन उभा, आणि हे दार लावतायत.

"डॉक्टर," ते आत येऊन खुर्चीत बसत म्हणाले, "आंबे जातील एस्टीनं. ही मला मुलीच्या वरातीला द्या."

* * *

आता खरी अडचण. जुन्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीला होता. नव्या गाडीत त्याच जागी वायपरची काडी. भिकूदादाचा डावा हात अठरा वर्षांच्या सवयीनं तिथेच जायचा. चढ आला की वायपर, वळण आलं की वायपर. लख्ख उन्हात, कोरड्या काचेवर, खरड-खरड करत आमची गाडी हमरस्त्यानं जायची. डॉक्टर दर गुरुवारी सावर्ड्याला पेशंट बघायला जात, त्यामुळे हा सोहळा निम्म्या जिल्ह्यानं पाहिला.

मला मागं बसून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण एक गोष्ट लक्षात आली. एस्टीवाले आम्हाला चक्क साइड देत होते. ज्यांनी बापाला कधी साइड दिली नाही असले लोक, लाल गाडी कडेला घेऊन हात दाखवत होते.

महिन्याभरानं त्यांच्यातलाच एक कंबर धरून दवाखान्यात आला. "डॉक्टर," तो म्हणाला, "तुमचा वायपर चालू दिसला की आमी समजतो, गाडीत शीरियस पेशंट हाय. मी डेपोत सगळ्यांना सांगून ठेवलंय."

भिकूदादा खिडकीबाहेरच उभा होता. त्यानं मान खाली घातली. डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पेशंटकडे.

"बरोबर सांगितलंत," डॉक्टर म्हणाले. "पालथे झोपा."

* * *

डॉक्टर असे झाकून नेणारे. पण त्यांचे धाकटे भाऊ तसे नव्हते. ते मुंबईला इंजिनियर, आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. गाडी बघायला म्हणून आले आणि पुढच्या सीटवर बसले. "चला, बघू," म्हणाले.

बघणारा माणूस शेजारी बसला की भल्याभल्यांचा हात चुकतो. भिकूदादानं पहिला टाकायचा तो मागचा गिअर टाकला. गाडी सरळ उलटी गेली ती कुंपणासाठी रचलेल्या चिऱ्यांवर. बंपरला चिंचोक्याएवढा पोचा आला. तेवढाच. पण भाऊसाहेब दार उघडून उतरले ते बंपरकडे गेलेच नाहीत, थेट डॉक्टरांकडे.

"दादा, हा माणूस जुन्या गाडीचा. नव्या गाडीला नवा ड्रायव्हर घे. मी मुंबईहून पाठवतो."

"शिमग्यापर्यंत बघू," डॉक्टर म्हणाले. "तोवर हात बसला नाही, तर पाठव."

भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे एक कागद आखून दिला. गिअर, ब्रेक, वळण, घाट, मागे घेणं. प्रत्येकाला दहापैकी मार्क. शिमग्याच्या आधी डॉक्टरांनी स्वतः शेजारी बसून ते भरायचे, असं ठरलं. हे सगळं भिकूदादाच्या देखत. मला त्या माणसाचा असा राग आला की सांगता सोय नाही. चहा द्यायचा तो मी बिनसाखरेचा दिला.

संध्याकाळी भिकूदादा गाडी पुसत होता. पोच्यावरून फडकं फिरवत म्हणाला, "कंपाउंडर, चूक माझीच हाय. ही गाडीच अशी हाय की मला तिच्यात बसायची भीती वाटते. एवढी चांगली वस्तू माझ्या हातून बिघडंल म्हणून." मग थोडा थांबून म्हणाला, "पन मला काढलं तर मी काय करू? घरची जमीन म्हंजे कातळ. मला दुसरं येतं काय?"

मी त्याची बादली उचलली आणि ताजं पाणी भरून आणून दिलं.

* * *

गाडीची भीती काही एकट्या भिकूदादाला नव्हती. एका गुरुवारी सावर्ड्याला आतल्या गावचे एक म्हातारबाबा आले. छातीत दुखत होतं. डॉक्टर म्हणाले, रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात घेऊन जाऊ, आमच्याच गाडीतून चला. बाबा गाडीजवळ आले, दोन मिनिटं नुसते बघत राहिले, मग हात जोडले आणि आत बसले. सीटला पाठ टेकवली नाही.

हातखंब्याच्या पुढं आल्यावर माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं.

"बाबा, चपला कुठं आहेत?"

"भायर काढल्या."

"बाहेर कुठं?"

"दारात," बाबा म्हणाले. एवढं कसं कळत नाही, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ते दार म्हणजे सावर्ड्याचा हमरस्ता. बाबांना अनवाणीच भरती केलं. बरे होऊन घरीही गेले. पुढच्या गुरुवारी आम्ही त्या जागी चपला बघायला थांबलो. होत्या तशाच, रस्त्याच्या कडेला जोडीनं. शेजारी आणखी दोन जोड काढून ठेवलेले होते. ते कुणाचे, आम्हाला आजतागायत कळलं नाही.

* * *

शिमगा जवळ आला तशी भिकूदादाची बायको दवाखान्यात आली. नवऱ्याला गोळ्या द्या म्हणाली.

"काय होतंय त्याला?" डॉक्टरांनी विचारलं.

"जेवत नायत. पाटावर बसतात नि डावीकडं पान्याचा तांब्या असतो ना, त्याचा गळा धरतात. पुढं करतात, मागं करतात, आडवा नेतात, परत पुढं. तोंडानं घुर्र घुर्र चालू. भात तसाच."

"मग त्यात वाईट काय?"

"तिसऱ्यापर्यंत बरं चालतं वो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "चौथ्यात घातलानी की सगळं पानी माज्या चुलीत."

डॉक्टरांनी तिला टॉनिक दिलं. बाटली मीच भरली. ती गेल्यावर डॉक्टर बराच वेळ हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "चौथा लागतोय म्हणजे प्रगती आहे," म्हणाले.

* * *

आता हा शेवटचा किस्सा. महिन्यातून एकदा डॉक्टर अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत जात. शिमग्याच्या आधीची फेरी आली. भाऊसाहेब आदल्या दिवशीच मुंबईहून आले होते. निघताना त्यांनी कागद डॉक्टरांच्या हातात दिला आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं.

"जाताना सराव, येताना परीक्षा," डॉक्टर भिकूदादाला म्हणाले. जाताना ते मागं बसले, मी पुढं. जाताना वायपर दोनदा चालला. चिपळुणात एकदा आणि अलोऱ्याच्या फाट्यावर एकदा. भिकूदादा दुपारी कॉलनीत जेवलाही नाही. गाडीत एकटाच बसून राहिला होता.

चारच्या सुमारास परत निघालो. डॉक्टर पुढं येऊन बसले, मांडीवर कागद. मी मागं, बॅग घेऊन.

डॉक्टरांना गाडी चालवता येत नसे, पण गाडीत बसले की दोन्ही पाय फळीवर रोवून बसायचे, ब्रेक जणू त्यांच्याच पायाखाली. अठरा वर्षांत मी त्यांना गाडीत पाय सैल सोडलेले पाहिले नव्हते. त्या दिवशीही तसेच बसले होते. भिकूदादाची नजर समोर, मान ताठ, कानशिलावरून घाम. डावा हात गिअरवर. चिपळूण गेलं. सावर्डे आलं, गेलं. वायपर हलला नव्हता. मी मनातल्या मनात गाऱ्हाणं घालत होतो.

सावर्डे मागं पडलं आणि पुढून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी वाकून पाहिलं. डॉक्टरांचं पेन खाली पडलं होतं. डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं. पाय सैल. कागदही घसरून पायाशी. डॉक्टर गाढ झोपले होते.

मी पुढं झुकलो. "भिकूदादा..."

"बोलू नका, कंपाउंडर," तो समोरची नजर न हलवता म्हणाला. "परीक्षा चालू हाय."

मी मागं टेकून बसलो. तीन वळणं आली, घाट आला, उताराला एक ट्रक अंगावर आला. गिअर कधी पडत होता ते मला मागं कळत नव्हतं. संगमेश्वरला बाजारातून गाडी काढताना तो पुटपुटला, "दुसरा." हातखंब्याला वळताना म्हणाला, "आता तिसरा." कुणाला सांगत होता देव जाणे. रत्नागिरी आली. चिऱ्यांच्या राशीपुढून गाडी मागे घेऊन त्यानं ती सरळ फाटकात उभी केली, बंद केली, आणि मग पहिल्यांदा डावीकडे मान वळवली.

किती तरी वेळ तो नुसता बघत राहिला. दार उघडलं नाही, हॉर्न दिला नाही. हात मांडीवर ठेवून बसला.

भाऊसाहेब पायऱ्या उतरून आले आणि काचेवर टकटक करायला हात वर केला. भिकूदादानं ओठांवर बोट ठेवलं. भाऊसाहेबांचा हात तसाच वर राहिला.

पाचेक मिनिटांनी डॉक्टरांनी डोळे उघडले. भाऊसाहेबांनी दार उघडलं. "काय दादा, किती मार्क दिलेस?"

डॉक्टरांनी पायाशी वाकून कागद उचलला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि कोराच भाऊसाहेबांच्या हातात दिला. मग डोळे चोळत ड्रायव्हरच्या सीटकडे वळले.

"भिकू," ते म्हणाले, "संगमेश्वर कधी गेलं रे?"