वहिनीच्या शर्टाचा चौबगला

वहिनी घरात शिरली ती चपला भिरकावतच. औषधांच्या गोदामात खोकी चढवणं-उतरवणं हे तिचं अठरा वर्षांचं काम. त्या दिवशी वरच्या फळीवरून खोकं निसटलं आणि चाळीस बाटल्यांचा चुराडा झाला. मुकादमाने लगेच तिच्या नावाने सूचनाफलकावर कागद डकवला: निष्काळजीपणा. पुन्हा चूक झाली तर कायमचं घरी बसायचं.

"निष्काळजी मी? अहो भावजी, गणवेशाच्या या मेल्या नव्या शर्टात हात कानाच्या वर जात नाही!"

तिने हात उचलून दाखवला. बाही दंडाला करकचली आणि अख्खा शर्ट पोटावरून वर आला.

मग ब्लेड घेऊन तिने रागारागाने बाहीची शिवण उसवली, आत दुमडलेलं जादा कापड, सगळी माया, सोडली, पुन्हा शिवली. हात वर केला. बाही आता पिशवीसारखी लोंबत होती, शर्ट मात्र होता तसाच वर चढला. ब्लेड भिंतीवर जाऊन आपटलं.

"वहिनी, बाहीवर कशाला डाफरतेस? खोट काखेत आहे," मी म्हणालो.

आमच्या नाटक कंपनीचे शिंपीमास्तर म्हणजे देवमाणूस. माप घेण्याआधी राजाला तलवार उपसायला लावत. "पुतळ्याचं माप मी घेत नाही," म्हणत. प्रत्येक पोशाखाच्या काखेत ते चौकोनी तुकडा जोडायचे, चौबगला. त्याच्याच जिवावर मी तीस वर्षं रंगमंचावर ऋषी होऊन दोन्ही हात उंचावून शाप दिले. शिवण कधी उसवली नाही.

"मग इतका वेळ तोंडात मूग धरले होते का? कापा!"

शर्टाचा खोचला जाणारा घेर कापून चार-चार बोटांचे दोन तुकडे काढले. तिने ते दोन्ही काखांत जोडले. हात थेट छताकडे गेला, शर्ट जागचा हलला नाही.

पुढचं तिच्याच तोंडून ऐकलेलं. सकाळी मुकादमाने गोदामाच्या दारातच अडवलं.

"गणवेशाला कात्री लावलीत? उसवा ते आधी."

"उसवते की. पण साहेब, तुमचाही शर्ट त्याच गठ्ठ्यातला. ते वरच्या फळीवरचं खोकं काढून दाखवा बरं."

कामावरच्या बायका खुसुखुसू हसल्या. आता माघार कशी घ्यायची? त्याने हात वर केला. कोपर कानाशी अडलं, खोकं कलंडलं, आणि वहिनीने मागून हात घालून ते वरच्यावर झेललं. छातीशी कवटाळून उभी राहिली.

"आधी तो कागद फाडा. मग हे खाली ठेवते."

त्याने फाडला.

तरी संध्याकाळी ती धुमसतच आली. "फाडला, पण 'चुकलो' म्हणाला का मेला? अठरा वर्षांत एक बाटली फुटली नव्हती माझ्या हातून!"

असं म्हणत तिने पिशवी उपडी केली. पाच जणींचे शर्ट जमिनीवर पडले.

"हसताय काय भावजी? सुई ओवा."