उकळत्या पाण्यातलं एन्झाइम

“तिची पिल्लं बंद करा,” भाऊसाहेब म्हणाले. “असल्या घाणेरड्या शेडमध्ये आपला माल टाकायचा नाही.”

भाऊसाहेब म्हणजे आमच्या फीड फॅक्टरीचे मालक. साताऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फॅक्टरी, आणि मी तिथला व्हेटर्नरी डॉक्टर. ब्रॉयलरची पिल्लं आणि खाद्य आम्ही द्यायचो, वाढवायचं काम शेतकऱ्याचं. ‘ती’ म्हणजे कोरेगावकडची कमलबाई. नवरा फौजेत. त्यानं सुट्टीत येऊन शेड बांधली आणि तिच्या भरवशावर सोडून परत गेला. बाईच्या हातात धंदा दिला म्हणून भावकी आधीच नाकं मुरडत होती. पिल्लं बंद झाली असती, तर तिला गावात मान वर करून चालता आलं नसतं.

तक्रार खरी होती. शेडमध्ये जमिनीवर भाताचं तूस अंथरतात, त्याला लिटर म्हणतात. तिचं लिटर चिखलासारखं झालं होतं. कोंबड्यांची शीट चिकट, वासानं डोळे चुरचुरायचे, वजन तर वाढतच नव्हतं.

कारण मला ठाऊक होतं. दुष्काळाची वर्षं होती, मका मिळत नव्हता. भाऊसाहेबांनी उत्तरेकडून स्वस्तात जव आणले. जवात एक चिकट पदार्थ असतो. तो कोंबडीला पचत नाही, पोटात खळ होते आणि शीट पातळ पडते. त्यावर उपाय म्हणून मी भांडून भांडून एन्झाइमची पावडर मागवून घेतली होती. एन्झाइम त्या चिकट पदार्थाचे तुकडे करतं, मग जव पचतात. बाकीच्या शेडमध्ये लिटर कोरडं होतं. हिच्याकडेच काय बिघडलं?

“बाई आळशी आहे, दुसरं काय,” भाऊसाहेब म्हणाले.

मला राग आला. हा माणूस दोन महिन्यांत तिच्या शेडकडे फिरकला नव्हता. मी मोटरसायकल काढली.

पोचलो तेव्हा सकाळची थंडी होती. घरामागच्या परड्यात चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. शेजारी घमेल्यात आमचं खाद्य. कमलबाई त्यात उकळतं पाणी ओतून काठीनं घोटत होत्या.

“हे म्हशीचं आंबोण का?”

“न्हाई वो डॉक्टर, कोंबड्यांचं हाय. थंडीत ऊन खाद्य द्यायचं म्हनं, लवकर वाढत्यात. रोज पहाटं उठून करती मी. हात बघा.”

दोन्ही हात भाजलेले होते.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“आवं, तुमच्याच भाऊसाहेबांनी! मागल्या मीटिंगला. तुमी मिरजंला गेला हुता तवा.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मीटिंगमध्ये हा माणूस मनाला येईल ते ठोकून गेला होता. बाकीच्या शेतकऱ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन कोरडंच खाद्य घातलं. हिनं तेवढं ऐकलं. हाच तिचा गुन्हा!

मी म्हटलं, “बाई, उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागेल का?”

“कसं लागंल? इरजण मरंल की.”

“तसंच या खाद्यातलं औषध मरतंय.”

त्यांनी काठी दाणकन खाली टाकली. “म्हंजे माज्याच हातानं मी वाटुळं केलं व्हय?”

“तुम्ही नाही केलं. ज्यानं सांगितलं त्यानं केलं.”

फॅक्टरीत येऊन मी हे सांगितलं, तर भाऊसाहेब हसले. “डॉक्टर, गरम खाऊन कुणाचं वाईट झालंय? तुम्ही पुस्तकी माणसं!”

“मग निम्म्या शेडला कोरडं घालून बघू,” मी म्हणालो. “माझं चुकलं तर नोकरी सोडतो.” रागात बोललो. घरी बायकोला सांगितलं नाही.

शेडमध्ये मधोमध गोणपाटाचा पडदा लावला. दोन्हीकडे नवं तूस. एका बाजूला ऊन खाद्य, दुसऱ्या बाजूला कोरडं, पोतं एकच. आठवड्याभरात ऊन खाद्याकडचं तूस पायाला चिकटू लागलं. कोरड्या बाजूचं मुठीतून भुरुभुरु सुटत होतं.

भाऊसाहेब जीपमधून आले, सोबत सात-आठ शेतकरी घेऊन. नाकाला रुमाल लावून दोन्ही बाजू पाहिल्या आणि शेतकऱ्यांकडे वळून म्हणाले, “बघा! मी नेहमी सांगतो, खाद्य गरम करू नका.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कमलबाई पुढे आल्या.

“आन मला ऊन पानी कुनी सांगितलं हुतं?”

भाऊसाहेब म्हणाले, “ते जाऊ दे. पुढची पिल्लं तुला मिळतील.”

“पिल्लांचं मागनं बघू. चूक माजी का तुमची, येवढं सांगा.”

भाऊसाहेब रुमालात काहीतरी पुटपुटले.

“मोठ्यानं म्हना की! मागच्यांस्नी ऐकू गेलं न्हाई.”

“चुकलं माझं,” ते म्हणाले. या वेळी मागच्यांनाही ऐकू गेलं.

पिल्लं आली, शेड चालू राहिली. पुढच्या खेपेपासून भाऊसाहेबांनी पोत्यावर लाल शाईत छापलं, ‘गरम पाण्यात कालवू नये.’ खाली ‘मालकांनी सांगितलं तरी’ असंही छापा, असा माझा आग्रह होता. तेवढं मात्र त्यांनी छापलं नाही.