निरोधची चिठ्ठी

भित्री होते असं म्हणून आज सुटता येईल, पण खरं सांगायचं तर मी हलकट होते.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. चंद्रपूरला मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात राहून मी कॉलेज करत होते. एकदा एक डॉक्टरीणबाई येऊन एड्स नावाच्या नव्या रोगावर बोलल्या. आम्ही सगळ्या माना खाली घालून. जाताना म्हणाल्या, "लाज वाटते ना? मग चिठ्ठीवर लिहून ऑफिसातल्या डब्यात टाका, नाव नको. उद्या उत्तरं देते."

माझं लग्न ठरलेलं होतं. मुलगा राजुऱ्याकडे कोळशाच्या ट्रकवर. "मोठा रंगेल आहे बाप्पा आमचा!" असं त्याची वहिनीच हसत हसत सांगून गेली होती. विचारायचं तर होतं, पण मी पडले मॉनिटर. माझं अक्षर रेक्टरबाईंच्या रोजच्या नजरेतलं.

म्हणून खोलीतल्या मैत्रिणीला म्हटलं, "तू लिहून दे नं मले." ती भामरागडकडची माडिया आदिवासी, घरातली पहिली शिकणारी. तिनं निमूट लिहिलं: 'होणारा नवरा ट्रकवर आहे. त्याला निरोध वापर म्हणून कसं सांगावं?'

डॉक्टरीणबाई यायच्या आधीच रेक्टरबाईंनी चिठ्ठ्या उघडल्या आणि मला ऑफिसात बोलावलं.

"सरकारचं फुकट खाता अन् हे धंदे करता? कोणाचं अक्षर आहे, सांग!"

बाहेर जाताना प्रत्येकीनं रजिस्टरात स्वतःच्या हातानं कारण लिहायचं, अशी पद्धत होती. मैत्रीण वर्षात एकदाच बाहेर गेली होती, चप्पल तुटली म्हणून. ती ओळ बाईंना बापजन्मात सापडली नसती. पान मी काढून दिलं. बोटही मीच ठेवलं.

चिठ्ठी कोणासाठी, असं बाईंनी तिला तीनतीनदा विचारलं. "माहीच चिठ्ठी आहे," एवढंच ती म्हणाली. तिचं तर लग्नही ठरलं नव्हतं. दुपारी तिची पेटी व्हरांड्यात आली. पावसानं तिच्या गावचा रस्ता बंद होता. "जाईल नदीपर्यंत, बसेल काठावर," बाई म्हणाल्या.

फाटकाशी मी पेटीला हात लावला. तिनं ती हिसकून घेतली.

"मी ऑफिसच्या खिडकीतून पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "आता नवऱ्याले तोंडानंच सांगजो. लिहून द्याले कोणी नाई तुले."

महिन्याभरात माझं लग्न झालं. त्याला सांगायला माझं तोंड उघडलं नाही.