थापाड्या मष्णूचा समुद्र

बोरगावच्या मष्णू गाडीवानाला सारा गाव ‘थापाड्या’ म्हणायचा. हे बारसं केलं होतं तंबाखूचे व्यापारी पद्मराज अण्णांनी. पहिल्यांदा वेंगुर्ल्याहून परतलेला मष्णू चावडीपुढं सांगत होता, "तितं पाऊस न्हाय, पूर न्हाय, तरी समुद्राचं पाणी दिसातनं दोनदा चढतंय!"

अण्णा पोट धरून हसले. "समुद्र कसला, तळ्यात पडलास की रं थापाड्या!"

झालं! लेकीची सोयरीक बघायला गेला, तर तिथंही पहिला प्रश्न, "म्हंजे थापाड्याची ल्येक व्हय?"

मष्णूनं अकरा वर्षं तो हशा रवंथासारखा चघळला.

मग अण्णांचंच वेंगुर्ल्याला काम निघालं. घाटाची वाट मष्णूइतकी कुणाला माहीत नव्हती. त्यानं चाकांना वंगण घातलं, बैठकीला मऊ गवत अंथरलं. सुडासाठी एवढी सेवा कुणी केली नसेल!

आंबोलीच्या रानात तो म्हणाला, "अण्णा, पायाला तंबाखूचं पाणी लावा, जळवा चढत न्हाईत. फांदी बघून धरा, हिरवा साप असतोय."

अण्णांनी सगळं ऐकलं. तरी चढलेली एक जळू त्यांनी पानावर अलगद उतरवली. "तिलाबी जीव हाय रं."

जळवेला जीव, आणि मष्णू तेवढा दगड!

किनाऱ्यावर त्यानं खरं तेच सांगितलं, अगदी हात जोडून. "वाळल्या शेवाळाची रेघ दिसतीया न्हवं? तिच्या खाली बसू नगासा. पाणी चढतंय."

"आलास मूळपदावर!" अण्णा छत्री आणि फराळाचा डबा घेऊन थेट लांबच्या खडकावर जाऊन बसले. मष्णूनं बैल रेघेच्या वर बांधले आणि भाकरीचं फडकं सोडलं.

आधी अण्णांचे जोडे तरंगले. मग डबा निघाला.

"मष्णू! पाणी वाढलं की रं!"

"ढग कुठं हाईत, अण्णा? भास हुतोय तुमास्नी!"

पाणी कमरेला लागल्यावर मष्णू सावकाश आत गेला आणि अण्णांना पाठुंगळी घेऊन आला.

"पटलं?"

"पटलं रं बाबा!"

गावात येताच अण्णांनी चावडीपुढं भरतीचं अख्खं कीर्तन लावलं. शेजारचा रायाप्पा डोळे बारीक करून म्हणाला, "अण्णा, पावसाबिगार पाणी चढलं?" हशा पिकला.

"खोटं वाटतंय? मष्णूला इचारा!"

सगळ्या माना वळल्या. याच प्रश्नासाठी मष्णू अकरा वर्षं झुरला होता. एक ‘व्हय’ म्हटलं की डाग धुतला जाणार होता. त्यानं चुना मळला, तंबाखू दाढेखाली सारली.

"मला काय इचारतासा? मी पडलो थापाड्या. मला तर बाबा तळंच दिसलं."