पुसलेले दोर

सांगलीच्या थिएटरात त्या रविवारी सगळ्यांत आधी उठलो तो मी. नुसता उठलो नाही. बायको, दोन्ही मेहुणे, त्यांची मुलंबाळं, सगळ्यांना उठवलं. "चला, चला, पार्किंगमध्ये गाड्या अडकतील." पडद्यावर लढाई संपली होती, पूल वाचला होता आणि काळ्यावर पांढरी नावं वर सरकू लागली होती. माझी मुलगी मुग्धा हळूच म्हणाली, "पप्पा, दोन मिनिटं थांबा ना." मी म्हणालो, "आता काय राहिलंय बघायचं?"

राहिलं होतं ते तिचं नाव. मुग्धा बंगळूरला एका कंपनीत आहे. तिथं पिक्चरच्या दृश्यांवर कॉम्प्युटरवर काम चालतं. त्या पिक्चरसाठी ती कित्येक महिने खपली होती आणि शेवटच्या नावांत पहिल्यांदाच तिचं नाव आलं होतं. ते न सांगता आम्हाला दाखवायचं म्हणून ती रजा काढून घरी आली होती. मी उठलो तशी तीही उठली. बाहेर आल्यावर मी वर सगळ्यांसमोर थट्टा केली, "काय गं, तुझं काम कुठं दिसलंच नाही!" ती हसली. "दिसलं नाही म्हणजे बरं झालं, पप्पा."

माझा धंदा मंडपाचा. सबब म्हणून सांगत नाही, पण आमच्या धंद्यात शेवट बघायचा नसतो. अक्षता पडल्या की लोक नवरा-नवरीकडे बघतात, आम्ही खुर्च्यांकडे. कुठली रांग आधी रिकामी होईल, टेम्पो कुठून आत घ्यायचा, हेच डोक्यात. स्वतःच्या बहिणीचं लग्नसुद्धा मी शेवटपर्यंत बसून पाहिलेलं नाही. तीच सवय मी थिएटरात नेली.

हे नावाचं मला तिच्या आईनं सांगितलं, तेही पुढच्या वर्षी, मुग्धाचा दुसरा पिक्चर लागला तेव्हा. या खेपेला मुग्धानं कुणालाच बोलावलं नव्हतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग बॅग भरली. मनाशी ठरवलं की तिच्या शेजारी बसून हा पिक्चर बघायचा, तिचं नाव येईपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि मग माफी मागायची.

मिरजेहून रेल्वेत बसलो, सकाळी जाग आली तेव्हा तुमकूर मागं पडलं होतं. खिडकीबाहेर नारळाच्या बागा आणि त्यांच्यामध्ये एकेकटे काळे खडक, हत्ती बसावेत तसे. यशवंतपूरला उतरलो तर अंगाला गार हवा लागली. मेट्रो एकदा बदलून व्हाइटफील्डच्या दिशेनं निघालो. वरून शहर उलगडत गेलं. आधी झाडांचे शेंडे, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या टाक्या; मग काचेच्या इमारती, एकीच्या अंगावर दुसरीचं प्रतिबिंब. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. मी जन्मभर जे जे उभं केलं ते दुसऱ्या दिवशी उतरवून ठेवलं. इथं माणसांनी उभं केलेलं उभंच राहिलं होतं, आणि एवढं उंच!

मुग्धा राहते ते घर अशा दोन इमारतींच्या बेचक्यात, बैठं, कौलारू. मालकीण सुमित्राअक्का दारातच उभ्या होत्या; मी मुग्धाचं नाव घेतलं. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी इकडं आले. घरात अजून मराठी बोलतात, पण तिला कानडीची फोडणी.

"मुग्धाचे वडील काय? बन्नी, बन्नी (या, या). ऊटा (जेवण) झालं?"

"अहो अक्का, सकाळचे नऊ वाजलेत."

"मग तिंडी (नाश्ता) तरी झाली असेल की. नाही? काहीतरी झालंच पाहिजे माणसाचं."

त्यांनी केळीच्या पानावर गरम इडल्या वाढल्या. मी विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?" त्या म्हणाल्या, "ते विचारू नका. आमच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. कुणीतरी घोड्यावर बसून आला, उतरला, झालं."

मुग्धा संध्याकाळी ऑफिसातून आली. मला बघून दचकली. "पप्पा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझा पिक्चर बघायला आलोय."

तिनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "बरं. शनिवारी सकाळचा खेळ बघू." बूट काढताना तिची पाठ माझ्याकडे होती. माफीचे शब्द ओठांवर आले होते. मी पाणी प्यायलो आणि ते गिळले.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली आणि मी तिच्या खोलीत कॉमिकं वाचत बसलो. हे दोन्ही पिक्चर परदेशी कॉमिकांवरून काढलेले. माझं इंग्रजी बेताचं, पण चौकटीतली चित्रं बोलतात. पहिल्या कॉमिकातला महानायक बंदरावरचा हमाल आहे. जेवढं ओझं उचलेल तेवढा तो वाढतो आणि मग पुन्हा लहान होत नाही. सांगलीत मी त्याला पूल खांद्यावर घेताना पाहिलं होतं. दणदण आवाज, धूळ, आरडाओरड. कॉमिकात त्या पुलाला एकच पान होतं. त्यानंतरचं पान मला आठवतच नव्हतं. त्यात तो हमाल स्वतःच्या घराबाहेर बसलाय, कारण दारातून आत मावत नाही. खिडकीतून त्यानं फक्त हात आत घातलाय आणि बायको त्याच्या तळव्यावर जेवणाचं ताट ठेवतेय. हे पिक्चरमध्ये होतं की नव्हतं? असेल तर मी तेव्हा काय करत होतो? बहुतेक गाडीची किल्ली चाचपत होतो.

दुसऱ्या कॉमिकातली नायिका लिफ्ट दुरुस्त करणारी बाई. ती श्वास रोखून धरते तोवर पडणारी वस्तू हवेत थांबते. श्वास सुटला की वस्तू सुटली. बस्स, एवढीच तिची शक्ती.

दुपारी बेळ्ळंदूरचं तळं बघावं म्हणून रिक्षा केली आणि रिंग रोडवर अडकलो. पुढं गाड्या, मागं गाड्या, तळं कुठंतरी भिंतीपलीकडं. रिक्षावाल्यानं इंजिन बंद करून गप्पा काढल्या. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "मेरी बेटी पिक्चर में काम करती है."

तो गर्रकन वळला. "हीरोइन?"

"नहीं. वो... हीरो को जिस रस्सी से टांगते हैं ना, वो रस्सी मिटाती है."

त्यानं बराच विचार केला. "फिर हीरो गिरता नहीं?"

मला हसू आवरेना. पण परत येताना (तळं न बघताच) तेच डोक्यात घोळत राहिलं. मंडपात आम्ही तरी काय करतो? बांबू झालरीमागं लपवतो, सुतळीच्या गाठी कापडाच्या चुण्यांत दडवतो. पाहुण्याला दोर दिसला तर मी कामगाराला झापतो. दोर लपवणाऱ्या बापानं दोर पुसणाऱ्या लेकीला विचारलं होतं, तुझं काम कुठं दिसलं नाही म्हणून.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. सुमित्राअक्कांनी केसात मोगरा माळला होता. "पिक्चर म्हणजे पिक्चर. घरच्यासारखं कसं जायचं?" मॉलच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर थिएटर. पडदा दिसला आणि मी दारातच थबकलो. आमच्या पंचक्रोशीतल्या कुठल्याच मैदानावर एवढा मोठा पडदा मी बांधला नसता. वाऱ्यानं उडवून नेला असता.

त्या पिक्चरबद्दल काय सांगू! पहिला पिक्चर आवाजानं मोठा होता, हा शांततेनं. शेवटी एक उंच इमारत कोसळते. बाई रस्त्यावर उभी राहते आणि श्वास रोखते. एकदम सगळा आवाज बंद. काचेचे हजारो तुकडे हवेत थांबलेले, त्यांवर ऊन, आणि मधेमधे माणसं. एक म्हातारा खुर्चीसकट, एक नर्स, एक बाळ पोटाशी धरलेली आई. सगळी अधांतरी. कॅमेरा त्यांच्यामधून सावकाश फिरतो. मी दोर शोधत होतो. तीस वर्षांची माझी नजर, गाठ कुठं मारली असेल ते लांबून सांगणारी. एक दोर दिसेल तर शपथ. त्या म्हाताऱ्यामागं नुसतं निळं आकाश होतं.

माझ्या लक्षात आलं की मीही श्वास धरलाय. अख्ख्या थिएटरनं धरला होता. अक्का पुटपुटल्या, "सोडू नको गं बाई, स्वल्प (थोडं) थांब. ते बाळ अजून वरच आहे."

मी मुग्धाकडे पाहिलं. ती त्या आकाशाकडे बघत होती, आपण सारवलेल्या अंगणाकडे बघावं तशी.

पिक्चर संपला. दिवे लागले, खुर्च्या खटाखट मिटल्या, लोक उठले. नावं सुरू झाली. मी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो. पाय सवयीनं उठू बघत होते.

"पप्पा, चला," मुग्धा म्हणाली. "बाहेर गर्दी होईल."

"होऊ दे."

"खूप लांब असतात ती."

"असू देत."

नावं सरकत राहिली. सुतारांची, शिंप्यांची, स्वयंपाक्यांची, कुणाकुणाची. माणसं किती लागतात एका खोट्या गोष्टीला! साफसफाई करणारी बाई झाडू घेऊन रांगेच्या टोकाशी उभी राहिली. तिची घाई मला चांगली कळत होती; मी तिच्याच बाजूचा माणूस. तिला हात जोडले आणि पुन्हा पडद्याकडे मान वर केली. शेवटी पडदा काळा झाला.

"आलं काय नाव?" अक्कांनी विचारलं. "माझ्याकडून सुटलं असणार. मला इंग्रजी सावकाश लागतं."

"माझ्याकडूनही सुटलं," मी म्हणालो. "मुग्धा, कुठं होतं गं?"

ती म्हणाली, "सुटलं नाही. यात नव्हतंच." मग घाईघाईनं पुढं, "आमच्या कंपनीला ठरावीक नावांची जागा मिळते. या वेळी आमच्या टीमची गेली नाहीत. होतं असं. म्हणून मी कुणाला बोलावलं नव्हतं."

"मग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही इतक्या लांबून आला होता. कसं सांगू?"

म्हणजे नाव होतं ते पहिल्याच पिक्चरला, आणि तिथून मी सगळ्यांना हाकलून नेलं होतं.

जिना उतरताना मी दोन पायऱ्या पुढंच चालत राहिलो. अक्कांनी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "सरी (बरं)," त्या म्हणाल्या, "आधी डोसा खाऊ. रिकाम्या पोटी रडू नये."

घरी आल्यावर मी म्हणालो, "मुग्धा, तो पहिला पिक्चर लाव."

"आत्ता? तुम्ही बघितलाय की."

"नाही बघितला."

तिनं लॅपटॉप उघडला. आम्ही तिघं पलंगावर दाटीवाटीनं बसलो. पुलाच्या प्रसंगाला तिनं पिक्चर थांबवला. "इथून इथपर्यंत चार दोर होते. हा त्याच्या खांद्यावरून जात होता. तो पुसला की खांदा अर्धा जातो, मग खांदा परत काढायचा." मी विचारलं, "आणि दोराची सावली?" ती माझ्याकडे वळली. "ती सगळ्यांत अवघड, पप्पा. ती कुणाच्या लक्षात येत नाही."

मग ते दार आलं. होतं की पिक्चरमध्ये! हमाल बाहेर बसलेला, तळव्यावर ताट. सांगलीत या पिक्चरला मी नुसता गोंगाट म्हणालो होतो. सकाळच्या पिक्चरनं माझा श्वास अडवला हे खरं, तसा मोठेपणा या पहिल्यात नाही. पण हा माणूस सगळ्यांना वाचवून स्वतःच्या घरात मावेनासा झालाय, ते बघताना मला माझं घर आठवलं; त्या काचेच्या तुकड्यांनी ते आठवून दिलं नव्हतं. दोन्हींत थोर कुठला, असं मला कुणी मिरजेत विचारलं तर मी म्हणेन सकाळचा. पुन्हा बघेन तो मात्र हमालाचा.

नावं सुरू झाली, तोच पडद्यानं त्यांना लहान करून कोपऱ्यात सारलं आणि भलत्याच पिक्चरची जाहिरात सुरू केली. "अरे, अरे!" मी ओरडलो. "यालाही पार्किंगची घाई आहे काय?" मुग्धा खळखळून हसली, मी आल्यापासून पहिल्यांदा. तिनं काहीतरी दाबलं, नावं पुन्हा मोठी झाली. आणि मग कितीतरी परक्या नावांच्या दाटीत ते आलं. मुग्धा, मग माझं नाव, मग आमचं आडनाव. माझं नाव तिनं मधे घातलं होतं.

तिनं चित्र थांबवलं. अक्कांनी बोटानं एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. मला वाचता येईना. डोळ्यांपुढं सगळं पुसट झालं होतं. माफी तेव्हाच मागायची होती, पण अक्का शिरा करायला उठल्या, मुग्धानं आईला फोन लावला, आणि मी भित्र्यासारखा हसत बसलो.

दुसऱ्या दिवशी यशवंतपूरला ती सोडायला आली. मी खिडकीशी बसलो. "तू जा आता," मी म्हणालो, "परत जाताना ट्रॅफिक लागेल तुला."

"गाडी सुटेपर्यंत थांबते की," ती म्हणाली. "मी शेवटपर्यंत थांबणारी आहे."

ती सहज बोलली होती, टोमणा नव्हता. गाडीनं हिसका दिला. मी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून तिचा हात धरला.

"मुग्धा, त्या दिवशी सांगलीत तू थांबा म्हणालीस आणि मी थांबलो नाही. सगळ्यांना उठवलं, वर तुझी थट्टा केली. चुकलं माझं, बाळा. मला माफ कर."